पतंगाच्या लाकडाचा गज

"पण तो परत सरळ का होतो?"

झिलू मेस्तांनी मान वर केली नाही. घोड्याच्या शेपटीचे काळे केस मांडीवर पसरून ते लाकडी फणीनं विंचरत होते, एखाद्या मुलीची वेणी घालायची असावी तसे.

हेमांगीनं हातातला गज त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"काल संध्याकाळी साच्याला लावून बघितला होता, काका. मधे कागदसुद्धा जात नव्हता. आज बोट जातंय."

"कोणाचा?"

"काय कोणाचं?"

"बोट. तुझा काय माझा?"

हेमांगीनं गज आणखी पुढे धरला. मग पुन्हा म्हणाली, "सांगा ना. का होतो सरळ?"

"आदी सरळच होतो म्हणान."

"हे काय उत्तर झालं?"

"सवाल तरी खंय झालो..."

आणि ते परत केसांकडे वळले.

गोव्याच्या हद्दीला टेकलेलं ते गाव. गावातली बाकीची मेस्त्री मंडळी लाकडाची फळं आणि खेळणी कातायची. झिलू मेस्त तेवढे पन्नास वर्षं गज करत आले होते. व्हायोलिनचे नव्हेत, त्याच्या थोरल्या भावंडाचे: माणसाहून उंच, उभं राहून मिठीत घेऊन वाजवायचं ते डबल बेस. गोव्यातली जुनी माणसं त्याला रबेकांव म्हणतात. त्याच्या तारा दोरखंडासारख्या जाड, म्हणून त्याचा गजही आखूड, दणकट आणि जड. पण हातात धरला की जड वाटता कामा नये.

हेमांगी सांगलीकडची. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली, लग्न होऊन इथं आलेली. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा या पडवीत आली, तेव्हा मेस्तांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "धनुष्य दोरयेपासून लांब पळता. गज केसांकडे वाकता." त्यानंतर वर्षभर त्यांनी तिला फक्त तासायला लावलं.

गजाची काठी आधी सरळच तासतात. मग तिला करवंटीच्या निखाऱ्यांवर धरून तापवायचं आणि तापलेली असतानाच केसांच्या बाजूला बाक द्यायचा. तो बाक टिकला तर गज. नाही टिकला तर काठी.

हेमांगीच्या आतापर्यंत तीन काठ्या झाल्या होत्या.

आपले हात काठी जाळणाऱ्यांतले नाहीत, असं तिला स्वतःला वाटायचं. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. चाळीस सेकंद धरायची. काढायची. साच्याला लावायची. पुन्हा चाळीस सेकंद. काढायची. बघायची. मोबाइलवर ती गजर लावायची. त्या गजरानं झोळीतली तिची मुलगी, बाय, दचकून उठायची, मग हेमांगी तिला थोपटायची, मग काठी गार व्हायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

"चार वर्षांत मी एकही काठी जाळली नाही, काका," ती म्हणाली. म्हणताना तिची मान जराशी ताठ झाली, ते तिला स्वतःलाही कळलं.

मेस्तांची फणी थांबली.

"ताच भय माका," ते म्हणाले.

...

बाय दहा महिन्यांची होती. पडवीच्या वाशाला बांधलेल्या झोळीत ती दुपारभर झोपायची. निदान तशी अपेक्षा असायची. हेमांगी दर थोड्या वेळानं जाऊन तिच्या नाकापाशी बोट धरायची. श्वास लागला की बोट काढून घ्यायची. आणि बोट काढताना बाय जागी व्हायची.

हे मेस्तांनी कितीदा तरी बघितलं होतं. बोलले कधी नव्हते.

त्या दिवशी बोलले.

"भात शिजलो का बघूक कितीदा झाकण काढतंस?"

हेमांगीनं विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, तिची सासू मेस्तांच्या घरी ताक न्यायला यायची.

"बऱ्याचदा."

"हूं. तुझी सासू सांगी होती."

"काय?"

"कच्चो रवता म्हणान."

मग ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, एकेका सांध्याला विचारत उठावं तसे. माळ्याच्या शिडीला त्यांनी उजवा हात लावला, आणि शिडी बारीक थरथरू लागली. गेल्या वर्षापासून त्या हाताचं तसंच होतं. निखाऱ्यावर काठी धरायचे दिवस त्या हातानं संपवले होते.

"तूच काढ," ते म्हणाले. "वर, डाव्या अंगाक. धोतरात गुंडाळलेली."

हेमांगीला माहीत होतं ती कुठली. तिनंच तीन आठवडे खपून ती तासली होती.

मेस्तांच्या वडिलांनी विहिरीशेजारी पतंगाचं झाड लावलं होतं. पतंग म्हणजे ते काटेरी, ज्याच्या गाभ्यातून तांबडा रंग निघतो. तीस वर्षांपूर्वी एका वादळात ते आडवं झालं. त्याचा गाभा माळ्यावर वाळत पडला आणि त्यातून एकेक गज होत गेला. आता एकाच गजापुरतं लाकूड उरलं होतं. हेमांगी ते तासत होती तेव्हा त्याचा भुसा आणि ढलप्या पाण्याच्या घमेल्यात पडल्या, आणि सकाळपर्यंत पाणी कुंकवासारखं झालं. तिनं त्यात बायची लंगोटं बुडवून बघितली. सगळी फिकट गुलाबी झाली. तेव्हापासून घमेलं तिथंच होतं. तासणं संपेपर्यंत रोज थोड्या ढलप्या पडायच्या, रोज पाणी थोडं अधिक गडद व्हायचं.

"आज," मेस्त म्हणाले.

"आज?" हेमांगीनं झोळीकडे बघितलं. "आज नको, काका. बायला जरा सर्दी आहे."

"काठयेक नाय."

"अजून एखाद्या शिसवीच्या काठीवर बघते. ही एकच आहे. ही बिघडली तर..."

"शनिवारी सिकेरा मास्तर येतलो."

सिकेरा मास्तर मडगावचे. त्यांचा जुना गज मेस्तांच्याच हातचा होता, तो पावसाळ्यात मोडला होता. दुसऱ्या कुणाचा गज ते हातात धरत नसत.

मेस्तांनी खिळ्यांच्या फळीवरून एक पत्र्याची डबी काढली आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरली. आत दोन छोटे लोखंडी ठसे. एक झिजलेला, मेस्तांचा, त्यावर मासा. दुसरा नवा. त्याच्या टोकाला अबोलीचं फूल कोरलेलं, नखाएवढं.

हेमांगीनं तो एकदाच बघितला होता, दोन वर्षांपूर्वी, लोहारानं आणून दिला तेव्हा. तिचा पहिला गज वाकलेला राहिला की त्याच्या मुठीवर ही खूण उठवायची, असं तेव्हा ठरलं होतं. त्याबद्दल ती कधी विचारत नसे. पण चित्र काढताना, पीठ मळताना, बायच्या पाठीवर बोट फिरवताना ती तेच पाच पाकळ्यांचं फूल काढायची.

डबी बंद झाली.

...

करवंट्या फुलल्या. ज्वाळा खाली बसल्या, धूर निघून गेला, आणि नुसती तांबडी ऊब राहिली.

पडवीच्या छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा दिवसभर जमिनीवरून सरकायचा. आता तो हेमांगीच्या पायाशी होता.

"साचो दी," मेस्त म्हणाले.

तिनं दिला. मेस्त झोळीपाशी गेले, साचा जमिनीवर ठेवला, आणि त्याच्यावर बसले.

"काका..."

"मोबाइल."

तोही दिला. तो त्यांनी काथ्याच्या टोपलीत, खोल, पुरून ठेवला.

"मग मला कळणार कसं?"

"हाताक कळतला."

"आणि हाताला नाही कळलं तर?"

मेस्तांनी झोळीला हलकेच झोका दिला. कंबरेची चंची काढून ते पान लावू लागले.

"फुडे बघ," ते म्हणाले.

हेमांगीनं काठी निखाऱ्यांवर धरली. पाठ झोळीकडे. हळूहळू फिरवत, पुढे-मागे नेत, जशी ती नेहमी न्यायची. मनातल्या मनात तिनं मोजायला सुरुवात केली. चाळीसला हात आपोआप मागे आला.

"फुडे," मागून आवाज आला.

हात परत पुढे गेला. साठ. ऐंशी. शंभराच्या पुढे आकडे एकमेकांत मिसळले आणि तिनं ते सोडून दिले.

पतंगाचा वास सुटला. गोडसर, जुन्या पेटीतल्या साडीसारखा. विहिरीचा रहाट कुणीतरी ओढत होतं, त्याची कुरकुर लांबून येत होती, थांबत होती, येत होती. उन्हाचा तुकडा तिच्या अंगठ्यावर चढला. हात कुठं संपतात आणि काठी कुठं सुरू होते, ते जरा वेळ तिला नीट सांगता आलं नसतं...

बाय रडू लागली.

हेमांगीचे खांदे वळले.

"फुडे बघ."

"ती रडतेय, काका."

"माका आयकाक येता."

बाय जोरात रडू लागली. हे भुकेचं नव्हे, हे झोपेचं, हेमांगीला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग नव्हता. तिच्या छातीतून काहीतरी ओढलं जात होतं, त्या रहाटाच्या दोरासारखं. तिनं काठी फिरवली. पुढे नेली. मागे आणली.

आणि रडणं थांबलं.

एकदम.

रडणं बरं होतं, असं तिला वाटलं. रडणाऱ्या मुलाचं काय चाललंय ते कळतं. गप्प मुलाचं... गप्प होण्याची निदान चौदा कारणं तिला ताबडतोब आठवली, आणि त्यातलं एकही झोपेचं नव्हतं.

"काका?"

उत्तर नाही.

"काका, झोपली का ती?"

उत्तर नाही. झोळीची दोरी वाजत नव्हती. रहाटही थांबला होता.

वळावं. एवढंच करायचं होतं, मान वळवायची. पण मान वळली की हात थांबणार, आणि हात थांबला की काठी जिथं असेल तिथं जळणार. आणि काढून घेतली तर सगळी ऊब पुन्हा वाऱ्यावर, चौथ्यांदा, आणि या खेपेला पतंगाची दुसरी काठी नाही. विहिरीशेजारी झाड नाही. तिच्या कानांत एक खर्ज घुमू लागला, रबेकांवाचा असावा तसा, आणि तो तिच्याच रक्ताचा होता.

ती वळली नाही. का वळली नाही, हे नंतर कितीही आठवलं तरी तिला सांगता आलं नाही.

आणि तेव्हा काठी झोपली.

दुसरा शब्द नाही. खांद्यावरचं मूल थोपटता थोपटता एका क्षणी जड होतं, मान टाकतं, आणि आपल्याला बघावं लागत नाही, कळतं. तशी ती काठी तिच्या हातात जड झाली. आतपर्यंत. तिनं ती उचलली, कामाच्या बाकड्याच्या गोल कडेवर ठेवली, आणि दोन्ही हातांनी खाली दाबली. जोर लावावा लागला नाही. काठी बाकड्यावरून अशी उतरली, जसं झोपेतलं एखादं मूल कूस बदलतं.

मग तशीच धरून ठेवायची. गार होईपर्यंत. हा सगळ्यात लांब वेळ होता. उन्हाचा तुकडा तिच्या मनगटावर आला, बांगडीवर चमकला, पुढे गेला.

काठी गार झाली तेव्हा ती वळली.

बाय मेस्तांच्या मांडीवर बसली होती. टक्क जागी. मुठीत पतंगाची ओली ढलपी. आणि तोंड, हनुवटी, गळा, सगळं लालभडक.

हेमांगीला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. काठी बाकड्यावर टाकून ती धावली, बायला उचललं, ओढणीनं तोंड पुसलं, बोट घालून हिरड्या चाचपल्या. जखम नव्हती. कुठंच नव्हती. बायनं त्या बोटाला कडकडून चावा घेतला. दोन दातांनी जमेल तेवढा.

"पतंग तो," मेस्त म्हणाले. "माझ्या आवशीन ह्येचाच पाणी पाजून आमका मोठा केलेला."

"मी हाक मारत होते. तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

मेस्तांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचंही तोंड लाल होतं.

"तोंडात पान होता," ते म्हणाले.

...

डाग तिला नंतर दिसला. मुठीच्या चार बोटं वर, खालच्या अंगाला. अंगठ्याच्या नखाएवढा, काळा. बाय एकदम गप्प झाली होती त्या क्षणाचा असावा.

तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला. गेला नाही. नखानं खरवडला. गेला नाही.

"चार वर्षांत पहिला," ती म्हणाली.

मेस्तांनी थरथरता अंगठा डागावरून फिरवला.

"हूं."

"तासून काढते."

"काढ. मगे थंय काठी बारीक जातली. आणि मास्तर जोर थंयच देतलो."

तिनं फडकं खाली ठेवलं.

मेस्तांनी काठी घेतली आणि विहिरीवरच्या छपराच्या आढ्याला सुतळीनं टांगली. ओल्या हवेत. सरळ व्हायची असेल तर तिथं होईल.

"तीन दिवस," ते म्हणाले. "बघू नको."

पाणी रोज त्याच विहिरीचं. हेमांगी मान खाली घालून जायची, कळशी भरायची, मान खाली घालून यायची. दुसऱ्या दिवशी खाली बघता बघताच तिला काठी पाण्यात दिसली. ती बाकदार होती. पण पाण्यात छप्परही बाकदार होतं, रहाटही, आणि ती स्वतःही. त्यावरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. ती कळशी घेऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी तिनं भात लावला आणि झाकण काढलं नाही. सासू दोनदा स्वयंपाकघरात डोकावली. मग जवळ येऊन तिनं सुनेच्या कपाळाला हात लावून बघितला.

...

शनिवारी सकाळी मेस्त साच्यावरून उठले. ते चार दिवस त्याच्यावरच बसत होते, हे हेमांगीला तेव्हा कळलं.

काठी साच्याला लागली. मेस्तांनी कागद पुढे केला. हेमांगीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रयत्न केला. कागद शिरला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला.

"पुरे मगे," मेस्त म्हणाले.

दुपारपर्यंत तिनं केस चढवले. काळे, जाड, सगळे एका ताणात.

सिकेरा मास्तर आले ते जीपच्या मागच्या बाजूला गादीवर निजवलेलं आपलं वाद्य घेऊन. उंच, वाकलेले, पांढरी दाढी. बायकडे बघून त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी वाद्य उभं केलं, गजाच्या केसांवर राळ घासली, डोळे मिटले, आणि सगळ्यात जाड तारेवर गज ठेवला.

आवाज कानांना आधी ऐकू आला नाही. तो पायांतून आला. झोळीची दोरी गुणगुणू लागली. घमेल्यातल्या तांबड्या पाण्यावर एकात एक वर्तुळं उठली आणि तशीच थरथरत राहिली. बायनं हातातलं खेळणं खाली ठेवलं आणि तोंड उघडं टाकून ऐकू लागली.

मास्तरांनी ती एकच तार कितीतरी वेळ वाजवली. गज गेला, आला. गेला, आला. कुठं संपतोय आणि कुठं वळतोय, कळत नव्हतं...

मग त्यांनी डोळे उघडले.

"देव बरें करूं," त्यांनी आभार मानले. मेस्तांकडे बघून नव्हे, हेमांगीकडे बघून. मग गज उलटा करून त्यांनी मुठीजवळ बघितलं. "आनी खूण? खूण खंय आसा?"

"आता मारतंव," मेस्त म्हणाले.

डबी उघडली. अबोलीचा ठसा निखाऱ्यांत गेला. हेमांगीनं दोन्ही हातांत गज आडवा धरला, मूठ वर करून. ठसा तांबडा झाला, मग केशरी, आणि पाचही पाकळ्या उजळल्या.

मेस्तांनी तो उचलला. हात थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर फूलही.

"मी धरू का, काका?"

ते वाकले. गज त्यांनी डाव्या हातानं जरासा फिरवला. खालचं अंग वर आलं. अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग उन्हाच्या तुकड्यात आला, आणि हेमांगीनं मान खाली घातली.

मेस्त त्या डागाकडे बघत राहिले. मग हातातल्या फुलाकडे. मग पुन्हा डागाकडे.

त्यांनी ठसा घमेल्यात बुडवला. पाणी चरचरलं. तांबडी वाफ वर आली, आणि विरली.

"दोन दोन खुणा कित्याक, चेडवा?"